यंत्राच्या कपाळावर भाव लिहा

श्रावण वद्यात सप्तमी-अष्टमीच्या सुमारास बडोद्यात असणाऱ्या माणसाला दोन गोष्टी चुकवता येत नाहीत. पहिली म्हणजे थंड जेवण. आमचे आजोळ दांडिया बाजारातले. घर मराठी, पण शेजार गुजराती. त्यांच्याकडे 'रांधण छठ'ला सगळे रांधून ठेवतात आणि 'शीतळा सातम'ला चूल पेटवत नाहीत. म्हणून त्या दिवशी आमच्याही ताटात शेजारचे ठेपले आणि दही येते. दुसरी गोष्ट म्हणजे पत्ते. एरवी पत्त्यांना हात न लावणारी माणसे या दिवसांत 'तीन पत्ती' मांडून बसतात. 'श्रावणियो जुगार' असे त्याला नावच आहे. सकाळच्या गुजराती वर्तमानपत्रात अमक्या सोसायटीत इतके जण 'जुगार रमता झडपाया' अशी बातमी असते. ती वाचत वाचतच मंडळी संध्याकाळच्या डावाची वेळ ठरवतात.

आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. बलिप्रतिपदेला आपल्या पंचांगात द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. कन्नड विभागातल्या मित्रांकडे 'जूजु' आहेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका हरलेल्या जुगाऱ्याचे आख्खे सूक्त आहे आणि धर्मराजाची गोष्ट तर कोणाला सांगायला नको. सांगायचा मुद्दा, जुगार परदेशातून आलेला नाही. परदेशातून आले ते त्याचे यंत्र. या लेखात मला त्या यंत्राविषयी लिहायचे आहे, कारण २०२४ च्या गोकुळाष्टमीला आमच्या घरात पत्ते निघाले तेव्हा माझा मामेभाऊ, आमचा दादा, खेळायला आलाच नाही.

दादा बडोद्यालाच इंजिनिअरिंगला आहे. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही इकडे आलो. तो तिथेच वाढला. दर श्रावणात डाव मांडायला सगळ्यांत पुढे तोच असायचा. त्या दिवशी तो गच्चीवर बसून राहिला. रात्री मामीने दम देऊन विचारले तेव्हा कळले, की पुढच्या सत्राच्या फीचे अडतीस हजार रुपये त्याने मोबाइलवरच्या एका खेळात घालवले होते. तीन चाके फिरतात, चित्रे जुळली की पैसे, असा तो खेळ. म्हणजे कॅसिनोत जे 'स्लॉट मशीन' असते त्याचीच खिशात मावणारी आवृत्ती. तीन आठवडे रोज रात्री तो खेळत होता. मामा काहीच बोलले नाहीत, हे जास्त भयंकर होते. दादा मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "दोनदा तर अगदी जवळ आलं होतं. दोन सात लागले होते आणि तिसरा एका घरानं चुकला."

एका घराने चुकला. या तीन शब्दांनी माझी झोप उडवली.

मामा बडोद्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रांच्या दुरुस्तीवर होते. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी बोलू नये, असा त्यांचा जुना नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "तू संख्याशास्त्र शिकतेस ना? मग हे उघडून दाखव." मोबाइलमधले यंत्र उघडता येत नाही. म्हणून आम्ही आमचे यंत्र केले. तुपाचे तीन रिकामे डबे घेतले. प्रत्येकात दहा चिठ्ठ्या टाकल्या : एकीवर मोर, दोनांवर आंबा, तिनांवर केळे आणि चार कोऱ्या. खेळणाऱ्याने एक चिंचोका द्यायचा, प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी काढायची आणि पाहून परत टाकायची. तीन मोर आले तर ३०० चिंचोके, तीन आंब्यांना ४०, तीन केळ्यांना १०. आजीच्या बरणीत चिंचोके भरपूर होते, म्हणून आजीच बँक.

ज्यांना गणित आवडत नाही त्यांनी पुढचे चार ओळींचे गणित सोसावे. तीन डब्यांतून दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे एक हजार जुळण्या होतात. त्यांपैकी तीन मोरांची जुळणी एकच. तीन आंब्यांच्या आठ, तीन केळ्यांच्या सत्तावीस. एक हजार वेळा खेळून प्रत्येक जुळणी एकेकदा आली असे धरले, तर आजीकडे हजार चिंचोके जमा होतात. त्यांतले ती ३०० अधिक ३२० अधिक २७० असे ८९० परत देते. ११० तिच्याकडे राहतात. आजीने लबाडी केली नाही, चिठ्ठ्या लपवल्या नाहीत, कोणाचा हात धरला नाही. तिने फक्त भाव ठरवताना स्वतःचे ११० बाजूला काढून ठेवले.

पण गंमत पुढेच आहे. मुले अर्ध्या तासात कंटाळली. हजारात फक्त छत्तीस जुळण्या लाभाच्या. बाकी सारखा चिंचोका जातोय, जातोय. तेव्हा माझ्या धाकट्या मावसभावाने सुचवले की मोराचे बक्षीस कमी करा आणि छोटी बक्षिसे वाढवा. आम्ही मोराचे ३०० चे १०० केले आणि पहिल्या दोन डब्यांत केळी आली तर तिसऱ्यात काहीही येवो, तीन चिंचोके द्यायचे ठरवले. अशा जुळण्या त्रेसष्ट. आता दर दहा खेळांत सुमारे एकदा काही ना काही हाती येऊ लागले. मुले पुन्हा रंगली, ओरडू लागली, शेजारची दोन पोरेही येऊन बसली. रात्री मी हिशेब मांडला. नव्या भावात हजारामागे परत जाणारे चिंचोके ८७९. म्हणजे आजीचा वाटा ११० वरून १२१ झाला होता! बँकेने दर वाढवला आणि गिऱ्हाईक अधिक खूश झाले. स्लॉट मशीनच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातली मोठी युक्ती आमच्या ओसरीवर एका दहा वर्षांच्या मुलाने न शिकता शोधून काढली.

तो इतिहासही थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे नावाच्या, जर्मनीतून आलेल्या मेकॅनिकने 'लिबर्टी बेल' नावाचे यंत्र केले. तीन चाके, प्रत्येक चाकावर थांबण्याच्या दहा जागा, आणि चित्रे म्हणजे नाल, चौकट, बदाम, इस्पिक व घंटा. नाणे टाकून दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोराने चाके फिरत, एकेक खिट्टी खाचेत पडून एकेक चाक थांबे. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या तर सर्वांत मोठे बक्षीस : दहा नाणी. आमच्या डब्यांइतकेच सरळ यंत्र. पुढे जुगारबंदीला वळसा घालण्यासाठी काही यंत्रे नाण्यांऐवजी च्युइंगम देऊ लागली. चाकांवर चेरी, लिंबू, संत्री आली ती त्या गमच्या स्वादांची चित्रे म्हणून. ती फळे आजही मोबाइलच्या पडद्यावर फिरत आहेत. स्वाद गेला, चित्र राहिले.

या जुन्या यंत्रात एक प्रामाणिकपणा होता. चाक तुमच्या डोळ्यांसमोर होते. त्यावर दहा चित्रे असतील तर घंटा लागण्याची शक्यता दहांत एक, हे शाळकरी पोरालाही मोजता येई. मालकाचा वाटा होताच, पण तो मोजता येण्याजोगा होता. मात्र या प्रामाणिकपणालाच एक मर्यादा पडत होती. बक्षीस मोठे करायचे तर जुळणी दुर्मीळ हवी. जुळणी दुर्मीळ करायची तर चाकावर चित्रे जास्त हवीत, म्हणजे चाक मोठे हवे. आणि बैलगाडीएवढे चाक पाहिले की गिऱ्हाईक पळते.

ही अडचण सोडवली इंगे टेल्नेस या तंत्रज्ञाने. त्याचे अमेरिकन पेटंट १९८४ चे आहे. त्याची कल्पना अशी, की चाकाने काही ठरवायचेच नाही. यंत्राच्या पोटात संगणकाची चकती असते. ती सतत, कोणी खेळत असो वा नसो, सेकंदाला शेकडो आकडे काढत असते. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी जो आकडा सापडेल त्यावर निकाल लागून जातो. त्यानंतर चाके फिरतात ती निकाल काढायला नव्हे, लागलेला निकाल सांगायला. लग्न आधीच लागलेले असते, आपण पाहतो ती वरात.

आता यातली खुबी पाहा. समजा चाकावर दिसायला बावीस जागा आहेत. पोटातल्या यादीत मात्र चौसष्ट आकडे आहेत. या चौसष्टांतला एकच आकडा 'सात'च्या चित्राला जोडला आहे. डोळ्यांना वाटते, सात लागण्याची शक्यता बावीसांत एक. खरी शक्यता चौसष्टांत एक. तीन चाकांचा गुणाकार केला तर डोळ्यांच्या हिशेबाने तीन सात १०,६४८ खेळांत एकदा यावेत. यंत्राच्या हिशेबाने ते येतात २,६२,१४४ खेळांत एकदा. म्हणजे जवळजवळ पंचवीसपट दुर्मीळ. उरलेले त्रेसष्ट आकडे कुठे जोडायचे ते सर्वस्वी रचनाकाराच्या हाती. त्याने त्यांतले सहा सातच्या लगेच वरच्या कोऱ्या जागेला आणि सहा लगेच खालच्या कोऱ्या जागेला दिले, की प्रत्येक चाकावर सात एका घराने चुकण्याचे प्रमाण चौसष्टांत बारा होते. डोळ्यांच्या हिशेबाने ते बावीसांत दोन, म्हणजे याच्या निम्मेच असायला हवे होते.

दादाचा तिसरा सात 'एका घराने' का चुकला, ते येथे कळते. तो सातच्या जवळ आलाच नव्हता. पोटातल्या यादीत जवळ आणि लांब असे काही नसते. आकडा लागतो किंवा लागत नाही. 'जवळ' ही गोष्ट फक्त काचेवर असते. आणि ती काचेवर कितीदा दिसावी हे कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले असते.

या 'जवळजवळ'ला माणसाचे मन कसे फसते, यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की थोडक्यात हुकलेला डाव माणसाला अप्रिय वाटतो, पण खेळत राहण्याची इच्छा मात्र वाढवतो. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग चेततात त्यांतले काही अशा हुकण्यानेही चेततात. धनुष्यबाणाच्या खेळात हे ठीकच आहे. नेम थोडक्यात चुकला तर आपण शिकत आहोत हे खरेच असते, आणि पुन्हा प्रयत्न करावा हेही खरे. कैरीवर दगड मारणाऱ्या पोरालाही हाच नियम. यंत्र त्या चांगल्या सवयीचाच गळ करते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांवरून सांगितले होते, की दाणा दर वेळी देण्यापेक्षा कधी दिला, कधी नाही असे अनिश्चित ठेवले तर पक्षी चोच मारण्याचे थांबतच नाही. जुगाराचे उदाहरण त्याने स्वतःच दिले आहे.

मोबाइलवरच्या आणि नव्या पडद्याच्या यंत्रांत आणखी एक प्रकार असतो. तीन चाकांची एक ओळ नव्हे, वीस-पंचवीस ओळींवर एकाच वेळी पैसे लावायचे. वीस ओळींवर वीस रुपये लावले, एका ओळीवर आठ रुपये आले, तर खरे पाहता बारा रुपये गेले. पण यंत्र घंटा वाजवते, नाणी सांडल्याचा आवाज करते, अक्षरे नाचवते. बारा रुपयांच्या तोट्याचे असे अभिनंदन करणारा दुसरा दुकानदार मला तरी माहीत नाही.

असो. दादाकडे परत येते. त्याच्याबरोबर बसून मी एक हिशेब केला आणि माझ्या मते या लेखातला महत्त्वाचा हिशेब तोच आहे. तो दर खेळाला वीस रुपये लावी. मिनिटाला दहा खेळ होत. रोज रात्री सुमारे दीड तास, एकवीस रात्री. म्हणजे १८,९०० खेळ. प्रत्येकी वीस रुपये धरले तर त्याने लावलेली एकूण रक्कम ३,७८,००० रुपये! दादा हबकला. एवढे पैसे त्याने जन्मात पाहिले नव्हते. पण जिंकलेले पुन्हा लावायचे, उरलेले पुन्हा लावायचे, असे तेच अडतीस हजार पुन्हा पुन्हा यंत्रातून गेले होते. आता यंत्र दर शंभरातले दहा ठेवते असे धरू (हे मी धरले, त्या खेळाने कुठेच सांगितले नव्हते), तर मालकाचा वाटा ३७,८०० रुपये.

गेले होते अडतीस हजार.

म्हणजे दादा अभागी नव्हता. त्याच्यावर शनी नव्हता, त्याची वेळ चुकली नव्हती, त्याने थांबायला हवे होते तेव्हा तो थांबला नाही असेही झाले नव्हते. त्याने एक वस्तू एकवीस रात्री विकत घेतली आणि तिची बरोबर किंमत दिली. फक्त किंमत कुठे लिहिलेली नव्हती. हे त्याला पटले तेव्हा तो पहिल्यांदा रडला. तोवर तो स्वतःला दुर्दैवी समजत होता, आणि दुर्दैवी माणसाला दैव फिरण्याची आशा असते.

'शंभरातले नव्वद परत मिळतात' हे वाक्यही असेच फसवे आहे. हजार रुपये घेऊन बसलेल्या माणसाला वाटते, संध्याकाळी नऊशे घेऊन उठू. पण ते नव्वद टक्के प्रत्येक फेरीचे आहेत. हजारांचे नऊशे, नऊशेंचे आठशे दहा, आणि असेच पुढे. सर्व रक्कम दहा वेळा फिरली, की सरासरीने साडेतीनशेही उरत नाहीत. श्रावणातल्या तीन पत्तीत एकाचे गेले तर दुसऱ्याचे आले. पैसे त्याच सतरंजीवर राहतात, आणि पहाटे दूधवाला आला की डाव मोडतो. ती करमणूक चांगली असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतही सतरंजीवर स्कूटर हरलेले लोक आहेत. पण यंत्राच्या डावात आजी कायम बसलेली असते आणि तिला झोप येत नाही.

यावर आपला कायदा काय म्हणतो? तो एकच प्रश्न विचारत आला आहे : हे कौशल्य की नशीब? गुजरात आणि महाराष्ट्र यांत मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्यात जुगाराची कलमे आहेत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या खटल्यात सांगितले की जुगार हा व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मागू शकत नाही. त्या खटल्यातले साप्ताहिक छापले जाई बंगळूरला आणि खपे मुंबई राज्यात. (त्या राज्यात तेव्हा बडोदेही होते.) तेव्हा जुगाराने राज्याच्या सीमा ओलांडण्याची गोष्ट मोबाइलने शोधलेली नाही. पुढे १९९५ मध्ये कर्नाटकातल्याच व्हिडिओ गेमच्या दुकानांच्या खटल्यात न्यायालयाने हाच कौशल्य-नशिबाचा निकष यंत्रांना लावला आणि दुकानांना परवाना हवा हे मान्य केले.

गोव्याने वेगळी वाट धरली. तिथल्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली. मग जहाजांनाही मिळाली, आणि मांडवी नदीत दिव्यांनी लखलखणारी जहाजे उभी राहिली. महाराष्ट्राची गोष्ट त्याहून मजेशीर. १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अंमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. सत्तेचाळीस वर्षे कायदा कपाटात होता आणि कपाटाने कोणाचे नुकसान केले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. दादाचे पैसे त्याच्या वर्षभर आधी गेले होते.

आमच्या संख्याशास्त्राच्या सरांशी मी याविषयी वाद घातला. ते म्हणाले, "बंदी आली ना? मग विषय संपला." मला तसे वाटत नाही. बंदी असावी. माझा विरोध नाही. पण बडोद्याहून गोव्याला जायला एक रात्रीची गाडी पुरते, आणि तिथे यंत्र कायद्याने उभे आहे. पैसे परत न देणारे, नुसत्या आभासी नाण्यांचे चाकाचे खेळ मुलांच्या हातात आहेतच. त्यांत पैसा जिंकता येत नाही, पण 'एका घराने चुकला' हे शिकता येते. आणि ज्या गोष्टीवर बंदी असते ती समजून घेण्याची कोणी तसदी घेत नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. दादाच्या कॉलेजात संभाव्यतेचा पेपर आहे. त्यात फासे आहेत, पत्ते आहेत, पिशवीतले लाल-काळे चेंडू आहेत. त्या पेपरात दादाला चांगले गुण आहेत. पण ज्या यंत्राने त्याची फी नेली ते त्या पुस्तकात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे यंत्र कायद्याने चालते तिथे त्याच्या कपाळावर भाव लिहावा. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि किंमत लिहिल्याशिवाय तो विकता येत नाही. रिक्षाला मीटर लागते. मग दर सहा सेकंदांनी दोन रुपये घेणाऱ्या यंत्राने गप्प का राहावे? ब्रिटनमध्ये यंत्रावर सरासरी परताव्याची टक्केवारी द्यावी लागते. ते बरे, पण पुरेसे नाही. 'नव्वद टक्के परत' हे गिऱ्हाइकाच्या कानाला गोड लागणारे वाक्य आहे. लिहायचे ते असे लिहावे : 'या यंत्रावर या वेगाने तासभर खेळल्यास सरासरी बाराशे रुपये जातात.' त्याखाली, मोठ्या बक्षिसाची जुळणी किती लाख खेळांत एकदा येते तो आकडा. आणि तिसरे, चाकावर जे चित्र जितक्या जागांवर दिसते तितकीच त्याची शक्यता असली पाहिजे. चाक दाखवायचे बावीस जागांचे आणि मोजायचे चौसष्टांनी, हे मापात पाप आहे. भाजीवाल्याने असे वजन वापरले तर आपण काटा जप्त करतो.

सर म्हणाले, "भाव लिहिला म्हणून माणसे खेळायची थांबतील?" सगळी थांबणार नाहीत. सिगारेटच्या पाकिटावर काय छापले आहे ते वाचून ओढणारे आपल्या कट्ट्यावर रोज दिसतात. पण दादा थांबला असता असे मला वाटते. त्याला आकडे कळतात. त्याला कोणी आकडा दाखवला नाही, चित्रे दाखवली.

मामांनी फी भरली. त्यासाठी काय मोडले ते मामीने आम्हाला सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. दादा सुट्टीत शिकवण्या करून महिन्याला थोडे थोडे त्यांच्या हातावर ठेवतो. मामा ते न मोजता खिशात टाकतात.

गेल्या दिवाळीत पाडव्याला आम्ही सगळे पुन्हा बडोद्याला होतो. मुलांनी डबे बाहेर काढायला लावले. दादाने एका कागदावर ठळक अक्षरात लिहून तो मधल्या डब्यावर चिकटवला : 'हजार चिंचोक्यांमागे १२१ आजीचे.' धाकट्या मावसभावाने तो दोनदा वाचला. मग बरणीतून चिंचोके मोजत बसला. बराच वेळ मोजून त्याने १२१ चिंचोक्यांचा ढीग आजीपुढे सरकवला आणि म्हणाला, "हे घे तुझे. आता उरलेल्यांचं काय खेळायचं ते सांग."

आजीने चष्मा वर केला, ढीग बरणीत ओतला आणि म्हणाली, "माळ्यावरून सारीपाट काढ."